बर्फातला वाफा

निफाड तालुक्यातल्या माणसाला थंडीचं कौतुक कुणी सांगू नये. हिवाळा लागला की पेपरात आमच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा छापून येतो. कधी सात, कधी पाच आणि एखाद्या साली दीड-दोन. तसल्या पहाटे बागेत गेलं तर बांधावरचं गवत पांढरंफेक दिसतं. दव गोठलेलं असतं. हात लावला तर बोटाला चटका बसल्यागत होतं. कादवेच्या काठी असल्या थंडीत मी पन्नास-पंचावन्न हिवाळे काढले. त्यामुळं थंडी म्हणजे काय ते आपल्याला कळलं, असं मी धरून चाललो होतो. माझा हा गर्व उतरला कॅनडात, विनिपेग नावाच्या शहरात. आणि उतरवला कुणी, तर अडीच किलो वजनाच्या एका कुत्रीनं.

थोरली लेक लग्नानंतर जावयांबरोबर तिकडं गेली. तिचं पहिलं बाळंतपण डिसेंबरात होतं. आईशिवाय बाळंतपण कसं करायचं, म्हणून आमच्या मंडळीचं जायचं ठरलं. एकटी ती विमानात बसायला तयार नव्हती. म्हणून मी. बाग धाकट्या पोराच्या हवाली केली, छाटणीचं-फवारणीचं वहीत लिहून दिलं आणि नोव्हेंबरात आम्ही दोघं निघालो. कपड्यांच्या एका बॅगेत डिंक, आळीव, खारीक, वेखंड आणि जुन्या मऊ लुगड्यांची चिंध्यापट्टी. दुसऱ्या बॅगेत आमचे स्वेटर. तिकडं पोचल्यावर कळलं, आमचे स्वेटर तिथं घरात घालायचे असतात.

विनिपेग सगळं सपाट. डोंगर नाही, टेकडी नाही. शहराबाहेर गव्हाची रानं, नजर संपेल पण रान संपत नाही. आम्ही गेलो तेव्हा सगळं बर्फाखाली. दुपारी साडेचारला दिवस मावळायचा. उणे दहा म्हणजे लोक म्हणायचे, आज बरं आहे. उणे पंचवीस म्हणजे रोजचं. वारा सुटला की उणे चाळीस असल्यासारखं लागायचं. बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस ताठ व्हायचे, मिशीवर दहिवर धरायचं. मोटारींना पुढून एक वायर लोंबताना दिसली. जावयांना विचारलं, "हे काय हो?" ते म्हणाले, "आप्पा, रात्री गाडी लाइटीला लावायची. इंजिन गरम राहिलं तर सकाळी चालू होतं." मी कपाळाला हात लावला. लोखंडाला जिथं शेकायला लागतं, तिथं हाडामासाचं काय!

त्या घरात राई होती. चिवावा जातीची कुत्री. तांबूस रंग, मोठे कान, बाहेर आल्यासारखे डोळे आणि पाय जोंधळ्याच्या धाटासारखे. लेकीनंच नाव ठेवलेलं. मोहरीएवढी म्हणून राई. आमच्याकडं कुत्रं म्हणजे बागेच्या राखणीला. भाकरीचा तुकडा टाकायचा, रात्री त्यानं भुंकायचं, संपला व्यवहार. ह्या कुत्रीला मात्र खुंटीवर तीन स्वेटर टांगलेले, एक पाणी न शिरणारा कोट, आणि चार-चारच्या जोडीनं बूट. बूट म्हणजे रबराचे, फुग्यासारखे. मंडळी म्हणाली, "बया! कुत्रीला बूट. माझ्या सासूनं जन्मात चप्पल घातली नाही."

मीही हसलो. लेक हसली नाही.

डिसेंबरात नातू झाला. घर सगळं त्याच्याभोवती फिरायला लागलं. मंडळी न्हाऊ-माखू, धुरी, लाडू ह्यात गुंतली. जावई कामावर. मला काही काम नाही. शेतकऱ्याला बिनकामाचं बसवणं म्हणजे शिक्षाच. मग राईला फिरवायचं काम माझ्याकडं आलं. लेकीनं एका कागदावर सगळं लिहून तो फ्रिजवर चिकटवला. वरती लिहिलं होतं, 'आप्पांसाठी'.

कागदावर काय होतं ते मला अजून पाठ आहे. स्वेटर असा घालायचा की छाती आणि पोट झाकलं जाईल, कारण ह्या जातीच्या पोटावर केस जवळजवळ नसतात आणि तेच बर्फाला टेकतं. उणे दहाच्या खाली पाच-सात मिनिटं. उणे वीसच्या खाली फक्त शी-शू करून आत. बूट प्रत्येक वेळी. आत आल्यावर पाय कोमट पाण्यानं धुवायचे, बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. ती पाय उचलायला लागली, थरथरायला लागली, चालायची थांबली किंवा अंगाचं गाठोडं करायला लागली तर लगेच उचलून घरी. आणि सगळ्यात खाली लाल शाईनं, गाडीखाली सांडलेलं हिरवं-निळं पाणी दिसलं तर तिला तिथं फिरकू द्यायचं नाही. गाडीच्या इंजिनात पाणी गोठू नये म्हणून ते औषध घालतात. चवीला गोड असतं, म्हणून कुत्री चाटतात. मूत्रपिंडं जातात. राईएवढ्या जिवाला एक मोठा चमचा पुरतो.

मी लेकीला म्हणालो, "अगं, इथलीच कुत्री ना ही? वरती उत्तरेला कुत्री बर्फात झोपतात, गाड्या ओढतात, असं मी वाचलंय."

ती म्हणाली, "आप्पा, ती कुत्री वेगळी. त्यांना दोन थरांची लोकर असते, झुबकेदार शेपूट नाकावर घेऊन झोपतात. वरून बर्फ पडला तरी तो पांघरुणासारखा होतो. ही जात मूळची मेक्सिकोची. आणि लहान आहे हो ती. हंड्यातलं पाणी आणि वाटीतलं पाणी, लवकर गार काय होतं?"

हे मला पटलं. वाटीतलं पाणी लवकर निवतं. अंग जेवढं लहान तेवढं आतलं ऊन कमी आणि बाहेर पडायला वाट जास्त. करडू आणि बैल एका रात्री उघड्यावर राहिले तर करडू आधी जातं, हे मला काय नवीन होतं? तरी मनात खोल कुठंतरी वाटतच होतं, की हे जरा जास्तच लाड आहेत.

जानेवारीच्या मध्याला चार-पाच दिवस उणे अठ्ठावीसच्या आसपास काढल्यावर एका सकाळी लख्ख ऊन पडलं. पारा उणे सतरा. आभाळ निळंशार. इतक्या दिवसांनी ऊन बघून मला आपल्याकडचा माघ महिना आठवला. लेक रात्रभर बाळासाठी जागलेली, आता कुठं डोळा लागलेला. मंडळी बाळाच्या अंगाला तेल लावत होती. राई दाराशी उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी तिला स्वेटर घातला. बूट घालायला बसलो तर ती पाय आखडून घेत होती. एक घातला, दुसरा घालेस्तोवर पहिला काढला. म्हटलं, जाऊ दे, ऊन आहे, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. कान उघडे, पाय उघडे.

जाताना ती नाचत गेली. मला वाटलं, बघा, काही होत नाही. कोपऱ्यावर पत्रपेट्या आहेत, तिथवर गेलो. तिथं वारा होता. घरांच्या आडोशाला तो कळला नव्हता. माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं आणि पापणीवर थिजलं. खाली बघतो तर राईनं पुढचा उजवा पाय उचलून धरलेला. मग डावा. मग मागचा. फुटपाथावर बर्फ वितळावा म्हणून लोक मिठासारखे खडे टाकतात, ते तिच्या बोटांत अडकले होते. ती पाय झटकायची, चाटायची, पुन्हा झटकायची. आणि मग ती बसली. मी पट्टा हलवला, हाक मारली. ती उठेना. सगळं अंग एवढंसं करून, डोळे अर्धे मिटून बसली.

मी तिला उचललं. जाकिटाची चेन उघडून आत सदऱ्याला लावून धरली. बर्फाचा गोळा छातीशी धरावा तसं वाटलं. तिचं काळीज चिमणीसारखं उडत होतं. परत घरापर्यंतची वाट पाच मिनिटांची, पण मला ती ओझरपासून निफाडाएवढी झाली. बर्फावर पळता येत नाही. पाय घसरतो. म्हातारा माणूस पडला तर दोघंही तिथंच. मी करकर बर्फ तुडवत निघालो आणि तोंडानं म्हणत होतो, "राई, थांब गं माय, थांब."

दारातून आत शिरलो तो सरळ मोरीकडं. गरम पाण्याचा नळ सोडला. तेवढ्यात मागून लेकीचा आवाज आला, "आप्पा, गरम नको! कोमट घ्या." ती बाळंतीण, केस मोकळे, तशीच धावत आलेली. बाळाच्या अंघोळीला बघतात तसं तिनं कोपर बुडवून पाणी बघितलं. गारठलेल्या पायाला एकदम ऊन पाणी लावलं तर कातडी भाजते, त्या जनावराला कळतही नाही. तिनं पाय हळूहळू बुडवले, खडे धुऊन काढले, बोटांच्या बेचक्या टिपल्या. कानांची टोकं पांढुरकी, गार पडली होती. मी चोळायला हात नेला तर म्हणाली, "चोळायचं नाही. आतून जखम होते." टॉवेल कपडे वाळवायच्या यंत्रात फिरवून ऊन केला, त्यात राईला गुंडाळलं आणि माझ्या मांडीवर दिलं. डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, थरथरते का? थरथरत होती. त्या म्हणाल्या, थरथरतेय ते बरं आहे. थरथर थांबून ती सुस्त पडली तर ताबडतोब घेऊन या.

अर्ध्या-पाऊण तासानं राईची थरथर कमी झाली आणि तिनं माझा अंगठा चाटला. तोवर मी हललो नव्हतो. लेक मला एक शब्द बोलली नाही. कागदाकडं बोटही दाखवलं नाही. आणि तेच मला जड गेलं. कारण ह्या लेकीचं असं गप्प राहणं मी आधी एकदा बघितलं होतं.

ते साल 2008. फेब्रुवारीत महाराष्ट्रावर थंडीची लाट आली होती. आमच्या भागातल्या द्राक्षबागायतदाराला ते साल विसरता यायचं नाही. बागा माल उतरायला आलेल्या, मण्यांत पाणी भरून साखर चढत होती. असल्या वेळी पारा एकदम घसरला की मणी तडकतात. एकदा मणी तडकला की घड गेला. बँकेचं कर्ज डोक्यावर होतं, औषधांच्या दुकानाची उधारी होती. त्या रात्री गावातला एकही माणूस झोपला नसेल. प्रत्येकाच्या बागेत शेकोट्या. छाटणीच्या काड्या, भुसा, पाचट, जे मिळेल ते ओळीओळीनं पेटवायचं, धूर धरून ठेवायचा, पहाटे विहिरीचं पाणी सोडायचं, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊन असतं.

आमची वाघी नावाची कुत्री तेव्हा मोटारीच्या खोलीत व्यालेली होती. चार पिल्लं, आठवड्याची. डोळे मिटलेले. लेक तेव्हा नववीत होती. तिनं त्या खोलीत पिल्लांसाठी उसाच्या पाचटाचा हातभर जाड थर घातला होता, वर जुन्या गोधडीचा तुकडा. शाळेतून आली की आधी तिथं जायची.

रात्री तीनच्या सुमारास माझं जळण संपलं. बागेच्या उत्तरेकडच्या सहा ओळी राहिल्या होत्या. शेजाऱ्याकडं मागायची सोय नव्हती, त्याचीही तीच गत. मी मोटारीच्या खोलीत गेलो. अंधारात हातानं पिल्लं बाजूला केली, फरशीवर गोधडीचा तुकडा टाकून त्यावर ठेवली आणि पाचट सगळं उचलून नेलं. मनात म्हटलं, वाघी आहे की. पण वाघी माझ्या मागं मागं शेकोट्यांवर फिरत होती. राखणीचं कुत्रं ते, मालक जागा म्हणजे तीही जागी. तिला परत खोलीत कोंडावं हे मला सुचलं नाही. एवढी लहान पिल्लं स्वतःचं अंग स्वतः ऊन ठेवू शकत नाहीत. त्यांना थरथरताही येत नाही. आईचं पोट आणि खालचं अंथरूण, दोनच आधार. मी एका रात्रीत दोन्ही काढून घेतले.

सकाळी दोन पिल्लं ताठ झालेली होती. लेकीला मी सांगितलं, "थंडीनं गेली गं." ती खोलीत गेली, बाहेर आली, दोन्ही पिल्लं घमेल्यात घेऊन बांधावर पुरून आली. काही बोलली नाही. रडलीसुद्धा माझ्यापुढं नाही. शाळेत निघून गेली. आणि बाग? उत्तरेकडच्या त्या सहा ओळी तडकल्याच. पाचटानं काही वाचलं नाही.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मंडळीलाही नाही. तिकडं सातासमुद्रापलीकडं, बाहेर उणे सतरा आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली राई, अशा वेळी ती माझ्या तोंडातून निघाली. लेक समोर बाळाला घेऊन बसली होती. मी म्हणालो, "बाई, एक सांगायचंय. त्या साली मोटारीच्या खोलीतलं पाचट मी नेलं होतं. जाळायला."

ती म्हणाली, "मला माहिती आहे, आप्पा."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी आत गेले तर फरशी रिकामी होती. आणि बागेच्या टोकाला राखेत गोधडीचा दोरा होता."

मी मान खाली घातली. गोधडी पाचटाबरोबर गेली होती, हेसुद्धा मला सोळा-सतरा वर्षांनी कळत होतं. अंधारात मी पिल्लांखाली जे टाकलं ते दुसरंच काहीतरी, बहुतेक खताची रिकामी गोणी असणार.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तेव्हा लई राग आला होता तुमचा. नंतर मला तुमच्या वहीत कर्जाचे आकडे दिसले. राग गेला असं नाही म्हणत मी. पण कळलं." मग बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाली, "उद्यापासून बूट म्हणजे बूट."

"बूट म्हणजे बूट," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी ते काम शेतीचं काम धरल्यासारखं धरलं. बूट घालायची युक्ती सापडली. आधी घरातच रोज दोन-दोन मिनिटं घालून ठेवायचे, तोंडात खाऊ द्यायचा, मग बाहेर. नवीन बैलाला जू दाखवतात तसं. आठ दिवसांत ती स्वतः पाय पुढं करायला लागली. कानांसाठी मंडळीनं तोड काढली. बाळाला कुंची शिवून उरलेलं लुगड्याचं कापड होतं. त्याची तिनं राईला कुंची शिवली, आतून लोकरीचं अस्तर, गळ्याखाली बंद. "कुत्रीला कुंची, जगात पहिलीच असंल," असं म्हणत शिवली, पण शिवली. कानांच्या टोकांची कातडी काही दिवसांनी काळी पडून सुटली होती, तिथं मलम लावून वर ती कुंची. काठाची, हिरवी. शेजारची गोरी म्हातारी थांबून बघायची आणि हसायची.

खरी अडचण दुसरीच होती. गुडघ्याएवढा बर्फ पडला की राईला बसायला जागाच नसायची. तिच्या पोटापर्यंत बर्फ. मग ती बाहेर जाऊन नुसती उभी राहायची आणि तशीच आत येऊन गालिच्यावर शू करायची. लेक म्हणायची, ती हट्टी झालीय. मी म्हटलं, हट्टी नाही, जागा नाही तिला. मी फावडं घेतलं. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत बर्फातून एक सरी काढली, दोन हात रुंद. सरीच्या टोकाला चार हात बाय चार हाताचा वाफा मोकळा केला, खालचं पिवळं गवत दिसेस्तोवर. काढलेला बर्फ उत्तरेला आणि पश्चिमेला रचून कमरेएवढी भिंत घातली, कारण वारा त्या बाजूचा. बागेला आपण वाऱ्याच्या तोंडाला आडोसा बांधतो, तेच. जावयांनी गव्हाच्या काडाची एक गासडी आणून दिली. ते काड वाफ्यात पसरलं. चादर किंवा गोणपाट टाकलं असतं तर ते ओलं होऊन गोठलं असतं. काड पोकळ असतं, त्यात हवा राहते, ओल खाली निथळते. गोठ्यात आपण हेच करतो.

पहिल्या दिवशी राई सरीतून चालत गेली, वाफ्यात गोल फिरली, काडाचा वास घेतला आणि बसली. खिडकीत मंडळी, लेक, बाळ, सगळे बघत होते. लेकीनं आतून टाळ्या वाजवल्या. मला माझ्या पहिल्या एक्स्पोर्टच्या कंटेनरला झाला नसेल एवढा आनंद झाला.

मग रोजचं ठरून गेलं. सकाळी आणि संध्याकाळी सरी साफ करायची, ओलं काड काढून नवं टाकायचं. फिरणं कमी झालं म्हणून तिचं खाणं जरा कमी केलं. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला थंडीत जास्त खायला लागतं, घरातल्याला तसं दिलं तर नुसतं वजन वाढतं. दुपारी घरातच चेंडू फेकायचा. तिचं अंथरूण खिडकीपासून हलवून जमिनीपासून वीतभर उंच ठेवलं, कारण गार हवा खाली बसते. तळव्यांना रात्री व्हॅसलीन. त्या देशात घर गरम करायच्या हवेनं माणसाच्याच टाचा फुटतात, मग तिच्या तळव्यांचं काय. आम्ही दोघं एकाच डबीतून लावायचो.

एप्रिलात बर्फ वितळायला लागला. वाफ्याची भिंत खचली, सरीतून पाणी वाहिलं. लेक म्हणाली, "आप्पा, वाफा गेला." मी म्हटलं, "पुढच्या साली तू काढ. वारा उत्तरेचा, तेवढं ध्यानात ठेव." आम्ही निघालो तेव्हा राई माझ्या बॅगेवर बसून राहिली होती.

इकडं आल्यावर मी पहिलं काम केलं ते मोटारीच्या खोलीचं. तिथं आता कोपऱ्यात एक लाकडी खोकं आहे, खाली दोन विटा, तोंड दक्षिणेला, तोंडावर गोणपाटाचा पडदा. आत पाचट. गावातली कुठलीही व्यालेली कुत्री थंडीत तिथं येते. दिवाळी झाली की मी पाचट बदलतो. पोराला सांगून ठेवलंय, बागेत शेकोट्या लावायची वेळ आली तर जळण आधी मोजून आणायचं, आणि ह्या खोक्याला हात लावायचा नाही. तो विचारतो, "का हो आप्पा, एवढं काय त्यात?" त्याला मी अजून सांगितलेलं नाही. आता हे छापून आलं की वाचेल.

मागच्या डिसेंबरात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन मागच्या दाराकडं फिरवला. बाहेर सगळं पांढरं. त्यातून एक सरी निघालेली, जराशी वाकडी, आणि टोकाला वाफा. भिंत उत्तरेलाच होती. नातू लाल कोट घालून हातात प्लास्टिकचं खोरं धरून उभा होता, आणि हिरवी कुंची घातलेली राई त्याच्या पायाशी.

"वाकडी झालीय सरी," मी म्हणालो.

"पहिल्यांदाच काढली ना," ती म्हणाली. "पुढच्या साली सरळ येईल."